माझ्या मापाची गाडी

अब्बा, हे मराठीत लिहितोय. घरात आपण जे बोलायचो ते मला लिहिता येत नाही, आणि मराठी शाळेत तुम्हीच घातलंत, तेव्हा तक्रार करू नका. लातूरला तुमचं सीटचं दुकान होतं तिथं आता एका कोचिंग क्लासचं ऑफिस आहे. बाहेर पोरांच्या गाड्या अशा दाटीनं लावलेल्या असतात की आत जायला आडवं व्हावं लागतं. मी नांदेडला असतो, बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. डोक्यावरचे केस निम्मे पांढरे झाले, निम्मे गेले. गेल्या महिन्यात माझा मुलगा म्हणाला, "पप्पा, मला गाडी घ्यायची, तुम्ही सोबत चला." तो सहा फूट दोन इंच झालाय, माझ्याएवढाच, आणि सायकलीपलीकडं त्यानं काही चालवलेलं नाही. मी रोज काहीतरी कारण काढतो. पेपर तपासायचेत, पाठ धरलीय, नायगावला तुझ्या आत्याकडं जायचंय. काल तो चिडला. त्याला काय सांगू? गाडी निवडायची म्हटलं की मला तुमची गाडी तपासायची पद्धत आठवते, आणि मग तुम्ही मरेपर्यंत उराशी धरून बसलेली ती गोष्ट आठवते, की तुमच्या हातून एक माणूस गेला. त्याबद्दल मला तुम्हाला एक सांगायचं राहिलंय.

आधी तुमची पद्धत सांगतो, म्हणजे मला धीर येईल. दादाजी निजामाच्या काळात घोड्यांची खोगिरं आणि टांग्यांच्या गाद्या शिवायचे. तुम्ही स्कूटर-मोटारसायकलच्या सीटा शिवायला लागलात, पण रीत त्यांचीच ठेवलीत. गिऱ्हाईक आलं की त्याला गाडीवर बसवायचं, पांढऱ्या सुती दोऱ्यानं त्याचं माप घ्यायचं. टाचेपासून गुडघ्यापर्यंत एक गाठ, गुडघ्यापासून कमरेपर्यंत दुसरी, खांद्यापासून मुठीपर्यंत तिसरी. सीट तयार झाली की तो दोरा फोमच्या खाली ठेवायचा आणि वरून रेक्झिन शिवून टाकायचं. माप मालकाबरोबर राहिलं पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात. आणि एकाचं माप दुसऱ्याच्या बैठकीत कधी घालायचं नाही. का नाही, असं मी लहानपणी विचारलं तर टपली मिळाली होती.

भूकंप झाला त्या वर्षी मी बारावीला होतो. पहाटे क्लास, मग कॉलेज, दुपारनंतर दुकान. गणपती विसर्जनाच्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. सकाळीच ते ढोरांचे डॉक्टर आले. औशाच्या पुढं त्यांचं गाव, घरात ते आणि आई दोघंच. गाडी काळी, माणूस अंगानं शिडशिडीत, आणि उंची अशी की दुकानाच्या पत्र्याला डोकं लागू नये म्हणून वाकूनच बोलत होते. गुडघे हँडलला लागतात, सीट दोन इंच वर घ्या आणि मागं सरकवा, म्हणाले. माप द्यायला थांबा म्हणालात तर थांबायला तयार नाहीत. गंजगोलाईच्या बाजारात काम होतं, दवाखान्यात काम होतं. "तुमचं हे पोरगं हाय की माझ्याएवढं, त्यालाच बसवा," असं हसत म्हणाले आणि चालत गेले. तुम्ही दोरा बाहेर काढलात, परत खिशात घातलात, परत काढलात. मग मला म्हणालात, "बस रे उंटा."

मी बसलो. अब्बा, काय वाटलं होतं सांगू? शाळेत बाकाखाली पाय मावत नव्हते, सायकलवर गुडघे कोपराला लागायचे, वर्गात पोरं मला मनोरा म्हणायची. त्या गाडीवर तुम्ही विटेएवढा फोमचा तुकडा घालून मला बसवलंत, उतरवलंत, पुन्हा बसवलंत, आणि तिसऱ्या वेळी माझं सगळं अंग जागच्या जागी बसलं. तुम्ही माझ्या अंगावरून दोरा फिरवून तीन गाठी मारल्या आणि तो डॉक्टरांच्या सीटमध्ये घातला. गोंद लावून सीटवर फरशी ठेवलीत आणि मला म्हणालात, "मी नमाजाला जातो. डॉक्टर आले तर उद्या दुपारी या म्हण. गोंद वाळला न्हाई." तुम्ही परत आलात तेव्हा गाडी नव्हती. "ऐकलं न्हाई त्यांनी," मी म्हणालो, "गावी जायची घाई हाय म्हणले."

पहाटे जमीन हलली. आपण सगळे गल्लीत उभे होतो, अम्मी अनवाणी, शेजारच्या काकू माझ्या बहिणीला पोटाशी धरून. लातुरात भिंतींना चिरा गेल्या, खाली औशाच्या पुढच्या गावांत काय झालं ते दुपारी कळलं. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या लोकांबरोबर घोंगड्या आणि भाकऱ्या घेऊन तुम्ही ट्रकमध्ये बसून गेलात. परत आलात ते चार दिवस जेवला नाहीत. डॉक्टरांचं घर दगडमातीचं, वरच्या मातीच्या माळवदासकट बसलं होतं. आईला ओसरीवरून जिवंत काढलं, ते आत होते. आणि अंगणात लिंबाखाली त्यांची गाडी स्टँडवर उभी होती, धड. आरसासुद्धा फुटला नव्हता. सीटवर धूळ होती, ती तुम्ही हातानं पुसलीत. हे तुम्ही अम्मीला सांगितलंत, मी दाराआडून ऐकलं. मग म्हणालात, "माप पोराचं होतं. मरण आलं ते मापावर आलं, आन् माणूस चुकलं."

त्यानंतर तुम्ही कुठल्याच सीटमध्ये दोरा घातला नाहीत. गिऱ्हाइकाला टेपनं मोजायला लागलात. आणि रोज पहाटे, जमीन हलली होती त्या सुमाराला, उठून माझ्या नाकाखाली बोट धरायला लागलात. तुम्हाला वाटायचं मी झोपलोय. मी श्वास मुद्दाम जरा जोरात सोडायचो, म्हणजे तुम्ही लवकर परत जाल. तुमच्या बोटाला गोंदाचा वास यायचा. हे किती वर्षं चाललं ते आठवतं का तुम्हाला? मला नोकरी लागेपर्यंत चाललं.

नोकरी लागली तेव्हा लातुरात क्लासेसचं नुसतं पेव फुटलं होतं. खोली खोली भाड्यानं गेली, डाळ मिलच्या गोडाऊनमध्येसुद्धा बाकं टाकली. मी ज्यांच्या क्लासात शिकवायचो त्या सरांनी शिरूर अनंतपाळला शाखा काढली आणि आठवड्यातून तीन दिवस तिकडं मला जुंपलं. एसटीच्या भरवशावर पहिला तास मिळेना. गाडी घ्यायची ठरलं. चोवीस वर्षांचा घोडा आणि क्लच कुठल्या हाताला असतो तेही धड माहीत नाही! शोरूममधल्या नव्या शंभर सीसीच्या गाडीवर बसलो तर गुडघे टाकीच्या वर आले, सेल्समन तोंड फिरवून हसला. मित्राची जड गाडी चालवून बघितली, ती चौकात हळूच एका बाजूला कलली आणि मी तिच्यासकट आडवा झालो, पाणीपुरीवाल्यानं उचललं. तुम्ही तेव्हा नीट समजावलं होतंत. पाय जमिनीला टेकतात म्हणून उंच माणसानं जड गाडी घेऊ नये, शिकाऊ माणसाला वजन पेलत नाही. हलकी घे, पण बैठक आणि पायदान यातलं अंतर बघ, गुडघा मोकळा राहतो का बघ, हात ताणल्याशिवाय हँडल पोचतं का बघ. अजून मी पोरांना हेच सांगतो.

मग आडत बाजारामागच्या जुन्या गाड्यांच्या दलालाकडं मला ती मिळाली. लाल रंग, टाकीला पोचा, हलकी. बसलो आणि सगळं जागच्या जागी बसलं. मी इतका खूश झालो की दलालाला चहा पाजला. गाडी ढकलत-चालवत, दोनदा बंद पाडत, तुम्हाला दाखवायला दुकानासमोर आणली. तुम्ही चष्मा वर करून आलात, सीटच्या कडेखाली हात घातलात, आणि तुमचा हात तिथंच थांबला. दुहेरी टाका फक्त तुम्ही घालायचात.

"उतर," तुम्ही म्हणालात.

"काय झालं?"

"उतर म्हणलो ना!"

भर रस्त्यात तुम्ही सीट काढलीत, सुरीनं टाके उसवलेत. लाल रंगाच्या खाली टाकीच्या कडेला काळा रंग दिसत होता तो मला तेव्हा दिसला. फोमखालून तुम्ही दोरा ओढून काढलात. पिवळा पडला होता, तीन गाठी जशाच्या तशा. तुम्ही माझ्या टाचेशी बसलात आणि दोरा माझ्या अंगाला लावलात. गुडघ्याची गाठ गुडघ्यावर आली, कमरेची कमरेवर, हाताची मुठीवर. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, माझंच तर माप. पण तुम्ही खाली बसूनच माझ्याकडं वर बघत होता. "तेव्हा तू सतरा वर्षांचा व्हतास," तुम्ही म्हणालात. "त्याच्यानंतर दीड इंच वाढलास. मी दारावर खुणा केल्यात." मी म्हणालो, "सैल पडला असेल दोरा, इतकी वर्षं वजन पडलं त्याच्यावर." तुम्ही मान हलवलीत. "सुती दोरा आखडतो. वाढत न्हाई." फिजिक्स शिकवतो मी, अब्बा, आणि आजही मला याचं उत्तर देता येत नाही.

दोरा तुम्ही खिशात घातलात, त्याचं पुढं काय केलंत ते कधी सांगितलं नाहीत. गाडी परत कर म्हणालात. मी केली नाही. हट्टी तर होतोच, आणि मला दुसऱ्या कुठल्या गाडीवर बसता येत नव्हतं हेही खरं. तुम्ही दोन महिने बोलला नाहीत. पण मी शिरूरला गेलो की दुकान लवकर बंद करून, गाडीचा आवाज येईपर्यंत पायरीवर बसायचात. आवाज आला की उठून आत जायचात.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते. शिरूरच्या शाखेत जायची वाट एका गल्लीतून होती. चौथ्या का पाचव्या खेपेला एका घरासमोर एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी. मी कसाबसा ब्रेक दाबला. तिचे डोळे पांढरे होते. ती सरळ गाडीपाशी आली, हँडल चाचपलं, माझा गुडघा चाचपला, मग हात वर वर नेत खांद्यापर्यंत आली. "आलास?" म्हणाली. घरातून एक पोरगी धावत आली. "सायेब, राग मानू नका. माझी आज्जी हाय. आमचा मामा डॉक्टर होता, भूकंपात गेला. इतक्या वर्षांत कुठल्या गाडीला भाईर आली न्हाई, आज आवाज ऐकून निसती पळत आली." मी उतरायला पाहिजे होतं, मी तो नाही म्हणून सांगायला पाहिजे होतं. म्हातारीनं माझा खांदा घट्ट धरला आणि अगदी शांतपणे, घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कंडक्टरजवळ निरोप धाडला व्हतास ना, गाडी उद्या मिळणार, आज लातुरातच ऱ्हातो म्हणून? मंग का आलास रं?"

त्या दिवशी मी क्लास घेतला नाही. पुढं ती वाट सोडून लांबून जायला लागलो. तरी कधीतरी वारा तिकडचा असला की मला वाटायचं ती दारात येऊन उभी असेल.

तुम्ही गेलात तो शेवटचा आठवडा आठवतो. दवाखान्यातून घरी आणलं होतं. मी उशाशी बसलो होतो, तुम्ही माझ्या नाकाखाली बोट धरलंत, भर दुपारी, मी जागा असताना. मग विचारलंत, "डॉक्टरनं ऐकलंच न्हाई ना रे त्या दिवशी? तू सांगितलं व्हतंस ना उद्या या म्हणून?" मी म्हणालो, "सांगितलं होतं, अब्बा. नाही ऐकलं त्यांनी." तुम्ही डोळे मिटलेत. पुटपुटत होता, दोरा, दोरा. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही मोकळे होऊन गेला असता, निदान तुमचा दोरा तरी सुटला असता. माझी जीभ उचलली नाही. नालायक आहे मी.

त्यांनी ऐकलं होतं, अब्बा. मी उद्या या म्हणालो, ते बरं म्हणाले. मित्राकडं मुक्काम करतो म्हणाले आणि वळून चालायला लागले, रस्त्यात औशाकडची एसटी हात करून थांबवली, कंडक्टरशी काही बोलले, पार कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेले. पण गाडी दुकानात असेपर्यंत मला हलता येणार नव्हतं, आणि गंजगोलाईकडून विसर्जनाचे ढोल वाजायला लागले होते, दोस्त दोनदा हाक मारून गेले होते. मी फरशी उचलली, बोट लावून बघितलं, आणि धावत जाऊन त्यांना परत बोलावलं. "झालीय डॉक्टर," म्हणालो, "न्या." मला मिरवणूक बघायची होती.