उतरत्या बाजूचं अर्थिंग

आप्पा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी ती संध्याकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही. मी नववीत आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात दिवसभर वायरमनचं काम करून आलेले तुम्ही, ओट्यावर छोटा ट्रान्सफॉर्मर उघडून बसलाय आणि आई भाकरी थापता थापता म्हणतेय, "आधी खाऊन घ्या, मग काय जाळायचं ते जाळा." आत दोनशेतीस व्होल्ट येणार, बाहेर एकशेदहा जाणार. बाहेर व्होल्टेज कमी, म्हणून त्या बाजूच्या अर्थिंगला मी बारीक तार लावली. तुम्ही ती उपटून काढलीत. "व्होल्टेज उतरलं की करंट चढतो, गाढवा. बाहेरची वायर जाड, तर तिचं अर्थिंगही त्या मापाचं. फ्यूज उडायच्या आधी अर्थिंगच जळालं, तर ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पेटीला हात लावणाऱ्यानं काय करायचं?" दुसऱ्या दिवशी तारेची जाडी मोजायची गोल चकती माझ्यासाठी घेऊन आलात. राग धरून ठेवणं तुम्हाला कधी जमलंच नाही.

पालथ्या घड्यावर पाणी, आप्पा. इथे सिंगापुरात, जुरोंगच्या एका वर्कशॉपसाठी मी तसल्याच ट्रान्सफॉर्मरचं ड्रॉइंग केलं. आत येणाऱ्या बाजूचं अर्थिंगचं माप बाहेरच्या बाजूला जसंच्या तसं उतरवलं आणि सही ठोकली. वायरिंग करणारा फिटर बिहारचा, माझ्याच वयाचा. त्यानं विचारलं होतं, "सर, अर्थिंग पतला नहीं लग रहा?" मी म्हटलं, "ड्रॉइंग में जो है, वही डालो." साहेब झालो होतो ना.

महिन्याभरात बाहेरच्या बाजूची एक वायर सोलवटून पेटीला टेकली. बारीक अर्थिंग फ्यूजच्या आधी जळालं, आणि ओल्या हातानं पेटी सरकवायला गेला तो तोच फिटर. जीव वाचला, उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशी बसायच्या आधी मी कॉम्प्युटरवरचं माप बदललं आणि साइटवरचा ड्रॉइंगचा जुना कागद फाडला. जाड तार सांगितलेली असताना बारीक टाकली, असा ठपका त्याच्यावर आला. वर्क परमिट रद्द झालं, तो गावी गेला. मला शाबासकी मिळाली, कारण माझे कागद चोख होते.

खरं सांगून टाकायचं, असं रोज सकाळी एमआरटीच्या गाडीत बसताना ठरवतो. मग माझा इथला नोकरीचा पास जाईल, मुलीची शाळा सुटेल, आणि त्याची बोटं काही परत येणार नाहीत, असं म्हणत ऑफिसात शिरतो. लाज वाटते, आप्पा. पण लाजेनं माणूस सुधारतो हे खोटं आहे.

परवा दुपारी त्याचा फोन आला. आवाज तसाच अदबीचा. "सर, एक बात पूछनी थी. ड्रॉइंग में मोटा ही लिखा था ना? मैंने ही गलत पढ़ा?" इतक्या महिन्यांत सगळ्यांचं ऐकून ऐकून त्याचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. 

मी "हां" म्हटलं. 

तो म्हणाला, "माफ करना, सर."

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुम्ही हयात असतात, तरी पाठवलं नसतं.