सेकंड बेसवरचा निकाल आणि सिक्स्थ स्ट्रीटचं घर

मी, हार्लन जेकब क्रेब्स, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बेसबॉल, हल्ली काही नाही, राहणार पोर्ट्समथ, ओहायो, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. वकीलबाई प्रुइट यांनी खात्रीसाठी आजचा वार विचारला. मी वार सांगितला, शिवाय १९४६ साली आमच्या संघात कोण कितवा बॅटिंगला यायचा तेही सांगायला लागलो. त्यांनीच थांबवलं.

कलम पहिलं. एकोणीस वर्षांत मी तेवीस गावांकडून खेळलो. वरच्या लीगमध्ये एकदाच, अकरा दिवस, त्यातले नऊ बाकावर. बाकी सगळा जन्म बसमध्ये. आता ती गावं एकमेकांत मिसळली आहेत. डोळे मिटले की एकच मैदान दिसतं, पाणी मारलेली तांबडी माती, फळ्यांच्या कुंपणामागे मका, आणि चेंडू माझ्याकडे इतका सावकाश येतो की तो पोचेपर्यंत मी ओपलला हाक मारून घेतो. ओपल माझी बायको, जाऊन सहा वर्षं झाली. मैदानात मात्र ती ओ देते.

इनफिल्डर, म्हणजे बेसजवळ उभा राहून चेंडू अडवणारा, दर डावाला आपल्या पुढ्यातले खडे वेचतो, कारण खड्यावरून उसळलेला चेंडू दात घेऊन जातो. मी ते खिशात टाकत आलो. लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या भरल्या आहेत. त्या माझी मुलगी नॅडीन हिला. ती म्हणेल, बाबा, ही काय इस्टेट झाली? पोरी, ओहायोपासून टेक्सासपर्यंतची जमीन आहे ती.

कलम दुसरं. बँकेतली ठेव आणि शेवरोले गाडी, तीही नॅडीनला. गाडीचं डावं दार लाथेशिवाय उघडत नाही.

कलम तिसरं. गस रॉश या मॅनेजरने मला शेवटच्या वर्षी चालत्या बसमध्ये सांगितलं, पुढच्या थांब्यावर उतर. त्याला काही नाही. तो वारला असल्यास त्याच्या वारसांनाही काही नाही.

कलम चौथं. १९३८च्या ऑगस्टमध्ये मी पाहुण्या संघाकडून याच गावात खेळलो. समोर वेंडेल टॅकिट होता, बावीस वर्षांचा, हरणासारखा पळणारा. वरच्या लीगचा एक माणूस वही घेऊन खास त्यालाच बघायला आला होता. वेंडेलने फटका मारला आणि तो सेकंड बेसकडे, म्हणजे दुसऱ्या ठाण्याकडे धावला. तिथे मी. त्याचा पाय बेसला लागण्याआधी माझ्या हातमोज्यातला चेंडू त्याच्या अंगाला लागला तर तो बाद, नियम एवढाच. माझा मोजा त्याच्या घोट्यापासून वीतभर लांब राहिला. पण आमच्या धंद्यात हुकलं तरी मोजा वर धरून पंचाला दाखवायचा, तोंडावर रेघ हलू द्यायची नाही. सगळेच करतात. मीही केलं. पंचाने बाद दिलं. वहीवाल्याने वही मिटली. वेंडेलने पुढे तीस वर्षं बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवले.

खेळ संपल्यावर त्याची बहीण माझ्याशी भांडायला आली. तीच ओपल. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

मग दर रविवारी जेवताना वेंडेल विचारायचा, “दाजी, खरं सांगा, मी नाबाद होतो ना?” मी म्हणायचो, पंचाला विचार, मेव्हण्या. ओपल हसून बटाटे पुढे करायची. ती गेल्यापासून त्याने विचारणं सोडलं. ते मला फार लागतं.

तो नाबाद होता. हे मी शपथेवर लिहितो. मला माझ्या खोटेपणाची लाज वाटते. तो न्हाव्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत राहतो आणि गुडघे धरून जिने चढतो. म्हणून सिक्स्थ स्ट्रीटवरचं माझं राहतं घर मी वेंडेलला देत आहे. नॅडीनची हरकत नाही, तिचं सिनसिनाटीला घर आहे.

पुरवणी, त्याच दिवशी. वेंडेलला बोलावून वरचं कलम मी त्याला वाचून दाखवलं. मान वर करायची हिंमत झाली नाही. त्याने विचारलं, “वीतभर?”

“वीतभर,” मी म्हणालो.

“ओपलला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणालो.

दुसरा साक्षीदार म्हणून सही करायला वकीलबाईंचा कारकून पुढे झाला, तर वेंडेलने त्याच्या हातातलं पेन घेतलं. बाईंनी बजावलं की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातलं काही घेता येत नाही, सही केलीत तर घर जाईल. तो म्हणाला, “जाऊ दे, बाई. पंचेचाळीस वर्षं मी एकटाच सांगत होतो. या कागदावर माझंच नाव पाहिजे.”

मी पुष्कळ विनवलं. ऐकेना. सबब घर नॅडीनला.

पोर्ट्समथ, गुरुवार, १३ ऑक्टोबर १९८३

लिहून देणार: हार्लन जेकब क्रेब्स

आमच्यासमक्ष सही केली:

१. एडिथ प्रुइट, वकील

२. वेंडेल एमस टॅकिट, नाबाद