बीमच्या अलीकडचा प्रवास

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांच्या कारणास्तव दोन अंगं वजा).

तुमची तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र आता तरी कानात असतं, की अजून चष्म्याच्या डबीतच? वहिनींची कंबर, गच्चीवरची मिरचीची रोपं आणि तुमची ती राखाडी छोटी गाडी, जिचं मागचं दार तुम्ही सुतळीने बांधून ठेवता, या सगळ्यांची खुशाली कळवावी. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे मी बरा आहे, आणि गाडी तर इतकी सुरक्षित आहे की तिला काही होणं शक्यच नाही. ते का, ते पुढे येईलच. तुमची बहीण तुमच्याकडे सुखरूप पोहोचली असेल. तिला जरा हवापालट हवा होता. निघताना तिने मला बजावलंय की फोन करायचा नाही, कारण फोनवर मी टायरांबद्दल बोलतो. बरं, तुम्हाला करावा, तर तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग आपलं खासगी बोलणं वहिनी, शेजारी आणि खालून जाणारा भाजीवाला असे सगळे मिळून ऐकतात. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बसा, जरा लांबणार आहे.

गाडी मी कशासाठी घेतली हे तुम्हाला माहीत आहेच, तरी पुन्हा सांगतो, कारण आमच्या इमारतीत त्याबद्दल भलतेसलते तर्क चालू आहेत. घाटमाथ्यावरच्या जंगलनाक्यावर तुमचे वडील नाकेदार होते, त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तुम्ही दोघं वाढलात, आणि दाराच्या चौकटीवर वडिलांनी चाकूने तुमच्या उंचीच्या खुणा केल्या, हे सगळं मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की त्या चौकटीत तुमची खूण कुठे आणि तिची कुठे हे मी डोळे मिटून दाखवीन. (तुम्ही टाचा उंच करायचात, असं तिचं आजही म्हणणं आहे.) हिवाळ्यात तुम्हीच फोनवर सांगितलंत की वनखातं आता तो नाका क्वार्टरसकट पाडणार, हा उन्हाळा काय तो शेवटचा. तुमची बहीण तेव्हा स्वयंपाकघरात फळ्या पुसत होती. दिवसभर एकच फळी पुसत राहिली. संध्याकाळी म्हणाली, ती चौकट एकदा बघायची होती. आता तुम्हीच सांगा, नवरा म्हणून माणसाने काय करायचं? मी फोर व्हील ड्राइव्ह घेतली. शोरूममध्ये ती एका दमात आत चढली, पर्स मांडीवर ठेवली, काचेतून समोर बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. उद्या जाऊ या का?"

मी म्हणालो, थोडं काम बाकी आहे.

दादा, या वाक्यावरून तुम्ही माझ्याविषयी मत बनवण्याआधी माझी नोकरी लक्षात घ्या. तुम्ही बँकेत होतात. लोक तुमच्याकडे पैसे ठेवायला यायचे, हसतमुखाने यायचे. मी उभा जन्म विमा कंपनीच्या मोटार दावे विभागात काढला. माझ्याकडे माणूस यायचा तो गाडीचा चेंदामेंदा झाल्यावरच. तुम्हाला रस्ता दिसला की वाटतं, हा कुठेतरी जातो. मला आठवतात ते त्याने ज्यांना कुठेच पोहोचवलं नाही त्यांचे अर्ज. 'झाड रस्त्याच्या मधोमध उभे होते व त्याने बाजू दिली नाही' असे अर्ज मी वाचलेत. म्हशीवर ठपका ठेवणारे अर्ज वाचलेत. ओढ्यात शिरलेल्या एका गाडीच्या अर्जात तर 'चालकाला पाणी उथळ वाटले' एवढं एकच कारण दिलं होतं, आणि त्याखाली सही केली होती ती त्याच्या बायकोने; तो सही करायला उरला नव्हता. ही अशी सही मी विसरू शकत नाही. तर अशा माणसाने नव्या कोऱ्या गाडीत बसून, गाणी लावून, घाट चढायचा? तुमची बहीण म्हणाली की तिथवर आता डांबरी रस्ता झालाय, रोज एस्टीसुद्धा जाते. मी तिला समजावलं की डांबरी असणं ही रस्त्याची तात्पुरती अवस्था असते.

मग मी उस्तादला गाठलं. उस्ताद म्हणजे गाड्या उंच करणारा. (त्याच्या दुकानाच्या पाटीवर आणखी बरंच काही आहे, पण लोक त्याला याच कामासाठी ओळखतात.) गाडी त्याच्या गॅरेजात ठेवायला मी साफ नकार दिला, कारण गॅरेजात उभ्या असलेल्या गाड्यांचं काय काय होतं याची एक वेगळी जाडजूड फाइल आमच्या विभागात होती. तेव्हा असं ठरलं की उस्तादनेच स्कूटरवर हत्यारं टाकून आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये यायचं आणि गाडी माझ्या नजरेसमोर तयार करायची. त्या वेळी मला हा माझ्या हुशारीचा कळस वाटला होता.

सुरुवात नुसत्या टायरांपासून झाली, याला देव साक्षी आहे. मूळचे टायर बघून उस्तादने असा चेहरा केला की जणू मी लग्नाला चपला घालून आलोय. मोठे, दातेरी टायर आले. ते चाकाच्या वरच्या पत्र्याला घासायला लागले, म्हणून खालून स्प्रिंगा बदलून गाडी उंच केली. उंच केल्यावर ती वळणावर झुकेल असं मला वाटलं, म्हणून आणखी कसल्याशा जाड दांड्या बसवल्या. पुढे लोखंडी बंपर लावला, मग बंपर रिकामा दिसतो म्हणून त्यावर विंच, म्हणजे चिखलात रुतलो तर तारेने स्वतःला ओढून घ्यायचा रहाट. विंचच्या वजनाने नाक खाली गेलं, ते वर आणायला मागे वजन हवं, म्हणून मागची सीट काढून तिथे खणांचं कपाट केलं. ओढ्याच्या त्या अर्जाला स्मरून बॉनेटच्या कडेने टपापर्यंत एक नळी नेली, इंजीन बुडालं तरी त्याला श्वास घेता यावा म्हणून. (आपण बुडालो तर काय, हे तुमच्या बहिणीने विचारलं. सामानात तशी नळी मिळत नाही.) आणि सगळ्यात शेवटी टपावर घडीचा तंबू. तो उघडला की शिडी खाली येते आणि दोन माणसं साप-विंचवांपासून दूर, निर्धास्त झोपू शकतात. शिवाय तो मिटला की एखाद्या पेटीसारखा देखणा दिसतो.

या सगळ्यात एक बारीकशी अडचण आली. शोरूममध्ये एका दमात चढलेली तुमची बहीण आता गाडीत चढू शकेना. पायरी तिच्या गुडघ्याच्या वर आली होती. मी स्वयंपाकघरातलं स्टूल खाली नेलं. त्यावरून ती चढायची, मग मी स्टूल उचलून मागच्या खणात ठेवायचो, आणि तिला उतरायचं असलं की उलट क्रमाने सगळं. स्टूल खाली गेल्यामुळे वरच्या फडताळातले डबे काढता येईनात, तर त्या काळात आम्ही फक्त खालच्या फडताळातल्या जिनसांवर जेवलो. तिने तक्रार केली नाही. फक्त दर आठवड्याला विचारायची, झालं का काम? आणि मी खरं तेच सांगायचो, की बस, एवढंच राहिलंय. आम्ही तळघरात तालीमही केली. तंबू उघडला, शिडीवरून चढलो (ती आधी, मागून मी, तिच्या टाचांना आधार देत), आणि वर पडून छताकडे बघितलं. छतावर सांडपाण्याचा पाइप होता. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी आंघोळ करत होतं. ती म्हणाली, ओढ्याचा आवाज येतोय. मला ते फार आवडलं होतं. आता आठवतो तेव्हा तिचा सूर तितकासा साधा नव्हता असं वाटतं.

मापं घेतली नव्हती असं कृपा करून म्हणू नका. सगळ्यांनी तेच म्हणून झालंय. मी टेप घेऊन किती खोल पाण्यातून गाडी जाईल ते मोजलं होतं. कंपासपेटीतला कोनमापक लावून किती चढावर नाक टेकणार नाही तेही काढलं होतं. नदी, दगड, चिखल, खड्डा, यांतल्या कशाचंही माप माझ्याकडून सुटलं नव्हतं. तळघराच्या उताराच्या तोंडाशी जो सिमेंटचा बीम आहे, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, ज्यावर उंची मोठ्या आकड्यांत लिहिलेली आहे, आणि ज्याखालून मी रोज दूध आणायला जातो, तो तेवढा राहिला. कारण तो घराचा होता, दादा. घरातल्या वस्तूपासून धोका असतो असं माझ्या कुठल्याच फाइलीत नव्हतं.

निघण्याच्या सकाळी तुमची बहीण वर, उताराच्या टोकाला उन्हात उभी होती. मीच सांगितलं होतं तसं, तू बाहेरच थांब, तिथून चढ, आत अंधार असतो. डोक्यावर टोपी, खांद्यावर थर्मास, हातात स्टूल. इमारतीतले बरेचसे लोक निरोप द्यायला जमले होते, चेअरमन तर बूट घालून आले होते. मी खालून गाडी सुरू केली, चारही चाकांचा गिअर टाकला (गरज नव्हती, पण प्रसंग होता), आणि ऐटीत उतार चढायला लागलो. मग वरून असा आवाज आला की मला आमच्या विभागातला प्रत्येक अर्ज एकाच वेळी आठवला. तंबू बीमला अडला होता. मागे घेतली, पुन्हा पुढे नेली, जणू दुसऱ्या वेळी बीम विचार बदलणार होता. लोक सूचना द्यायला लागले. टायरांतली हवा सोडली, तरी तंबू अडलाच. उस्तादला बोलावलं. तो स्कूटरवरून त्याच बीमखालून आत आला, वर बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही इतकी मापं घेत होतात, मला वाटलं हे घेतलं असेल." चेअरमननी विचारलं, ही गाडी नक्की कुठे जाण्यासाठी केलीय? मी म्हणालो, कुठेही. त्यावर जे हसले त्यांत मला अजून नमस्कार करणारे लोक होते.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती उन्हात उभी होती तिथून चार पावलं आत आली, बीमवर उठलेला ओरखडा बघितला, आणि म्हणाली, "आपल्याकडेपण उंचीची खूण झाली." मग वर जाऊन स्टूल स्वयंपाकघरात जागच्या जागी ठेवलं, लहान पिशवी भरली आणि सांगितलं, मी दादाकडे जाते, आम्ही दोघं जाऊन बघून येतो. एस्टीच्या थांब्यापर्यंत मी पिशवी घेऊन गेलो. वाटेत मी तिला तंबू काढला तर किती उंची कमी होईल ते सांगितलं. तेव्हाच ते फोनचं ठरलं.

तंबू काढायला एक सकाळ पुरते, उस्ताद म्हणतो. मी त्याला अजून बोलावलेलं नाही. रोज खाली जातो, गाडीत बसतो, हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि समोरच्या भिंतीकडे बघतो. तिथे भिंत आहे, झाड नाही, म्हैस नाही, ओढा नाही. मला भीती वाटते, दादा. गाडी बिघडेल याची नाही. ती शेजारी बसलेली असेल आणि काहीतरी होईल, याची. म्हणून इतकं लोखंड लावत गेलो, आणि शेवटी तिला बसायलाच जागा राहिली नाही. हे तुमच्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही, कारण तुम्ही तिला माझ्याआधीपासून सांभाळत आलात, आणि तेही सुतळीने बांधलेल्या दाराच्या गाडीतून.

वहिनींना नमस्कार. कंबरेला शेक देत राहा म्हणावं.

तुमचा,
चार चाकी ओढीचा मेहुणा

ता. क. हिच्या गुडघ्याचा पट्टा गाडीच्या मागच्या, खालून दुसऱ्या खणात राहिला होता. तो पाठवत नाही, सोबत आणतो.

ता. क. 'सोबत आणतो' यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. रविवारच्या एस्टीने येतो आहे. तुम्ही दोघं नाक्यावर जायचे असाल तर तेवढं थांबा. तुमच्या राखाडी गाडीला मी आजवर जे जे म्हणालो ते सगळं मागे घेतो. पुढे तुम्ही आणि ती बसा, मागे मला जागा द्या, सुतळीच्या बाजूला चालेल. डबा मांडीवर घेऊन बसेन आणि वळणांवर तोंड उघडणार नाही.

ता. क. तिला काहीही समजावू नका, माझी बाजू तर मुळीच मांडू नका. फक्त माझ्या वतीने एवढं विचारा, की सोमवारी जाऊ या का? 'थोडं काम बाकी आहे' असं ती म्हणाली, तर ते उत्तर मला लागू आहे. मी तुमच्या ओसरीवर बसून राहीन.

ता. क. तुमच्या स्टेपनीत हवा आहे ना? आपलं सहज विचारलं. हे मात्र तिला कळू देऊ नका.