अर्धं ताट

ता. ६ ऑक्टोबर

चि. टिटवीस,

आजोबांचे अ. आ. वि. वि. हे की, इकडे सर्व ठीक असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, पण ते लिहायला हात धजत नाही.

तुझ्या आजीला झटका आला त्याला आता बरेच दिवस झाले. डावा हात आणि डावा पाय अजून लाकडासारखे पडून आहेत. जीभ जरा जड झाली आहे, पण तुझ्या आईशी बोलायला लागली की अजूनही माणसाची सालं काढते. माझ्याशी मात्र अबोला. मी दाराच्या बाजूला, पलंगाला खुर्ची लावून बसतो आणि ती दिवसभर तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहते. तुला नर्सिंग शिकायला इतक्या लांब पाठवू नका म्हणून ती हटून बसली होती आणि मी माझंच खरं केलं. तो राग आता वसूल करते आहे. तिचा रुसवा तुला ठाऊक आहे. एकदा मी तिच्या भावाला हसलो, तर कितीतरी दिवस ती माझ्याशी भिंतीमार्फत बोलत होती.

खरी काळजी वेगळीच आहे. तिच्या माकडहाडावर लाल चट्टा आला होता, तो फुटला. डॉक्टर म्हणतात, पडून पडून झालेली जखम आहे, आणि वजन असंच उतरत राहिलं तर ती भरायची नाही. मी जन्मभर शिवणकाम केलं. कापडाला भोक पडलं तर ठिगळ लावता येतं, पण भोवतालचं कापडच विरलं असेल तर टाका कुठे धरणार? तुमच्याकडे यावर काय शिकवतात ते सविस्तर लिही. तुझी आई कामावरून दमून येते आणि म्हणते, बाबा, धीर धरा. धीर धरून धरून माझी बोटं दुखायला लागली.

पत्राची वाट बघायला मला दुसरं काम नाही, हे लक्षात ठेव.

आजोबा


ता. १३ ऑक्टोबर

ती. आजोबांस,

टिटवीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आमच्या सिस्टरना वाचून दाखवलं. सिस्टर म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या बाई. त्यांनी सांगितलं ते असं. आजीला दर दोन तासांनी कुशीवर वळवा. एकदा डाव्या, एकदा उजव्या. गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा. वर सरकवताना ओढू नका, कातडी सोलवटते. दोघांनी चादरीसकट उचला. लाल झालेल्या जागी तेल लावून चोळायचं नाही. तुम्ही चोळत असणार, मला माहीत आहे. खाताना पाठीला आधार देऊन सरळ बसवा आणि नंतरही जरा वेळ तसंच बसू द्या, नाहीतर घास श्वासात जातो. अंडं, दूध, डाळ पोटात गेली तर जखम भरायला बळ मिळतं.

आजी नेमकं काय आणि किती खाते ते कळवा. बरं खाते, बेताचं खाते, असलं शिंप्याचं माप नको.

आजी माझ्यामुळे तुमच्याशी बोलत नाही हे वाचून वर्गात लक्ष लागलं नाही. तिला म्हणावं, राग माझ्यावर काढ.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर धाडा.

टिटवी


ता. २२ ऑक्टोबर

चि. टिटवीस अ. आ.

शिंप्याच्या मापाला नावं ठेवू नकोस. तुझा शाळेचा गणवेश कधी आखूड झाला नव्हता.

चादरीने उचलायची युक्ती चांगली आहे. मी एकीकडे, तुझी आई दुसरीकडे. आई कामावर गेली की शेजारीण येते. चोळणं बंद केलं.

खाण्याचं विचारलंस. आजी उजव्या हाताने स्वतः खाते, भरवू देत नाही. मऊ भात, अंडं, शिजवलेली भाजी, सगळं ताटात असतं. पण बरोबर अर्ध्यावर थांबते आणि झालं म्हणून चमचा ठेवते. आता सांगतो त्याला हसू नकोस. लग्न झालं तेव्हा आम्ही दुकानामागच्या खोलीत राहायचो आणि ताट एकच होतं. ती आधी आपलं अर्धं जेवायची, मधोमध कात्री चालवावी तसं, आणि उरलेलं माझ्यापुढे सरकवायची. पुढे ताटं आली, ती सवय गेली. आता पुन्हा अगदी तसंच. ताटाची माझ्याकडची बाजू जशीच्या तशी, शितालाही हात लावलेला नसतो. तोंडाने बोलत नसली तरी माझा घास ती विसरलेली नाही, असं मनात येतं. मी ते खातो. टाकवत नाही. दिवसभरात तेवढंच तिच्याकडून मला मिळतं.

पण एक खटकतं. तुझ्या आईकडे ती गाऱ्हाणं करते की म्हातारा मला उपाशी मारतो, ताटात चिमूटभर वाढतो. समोर अन्न सोडून असं कोणी म्हणतं का? परवा कंगवा मागितला, उजवीकडचे केस चापूनचोपून विंचरले आणि डावीकडे झिपऱ्या तशाच. तुझी आई आधी हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. डोक्यावरही परिणाम झाला की काय?

जखम खोल होत चालली आहे. तुझी परीक्षा जवळ आली, तब्येत सांभाळ. तिथे तरी कोणी आजारी पडू नका.

आजोबा


ता. ३० ऑक्टोबर

ती. आजोबांस शि. सा. न.

तुमचं पत्र मी जेवताना उघडलं आणि घास हातातच राहिला.

आमच्या वॉर्डात एक म्हाताऱ्या शिक्षिका आहेत. आजीसारखाच झटका, तीच डावी बाजू. त्याही अर्धं ताट सोडून उपाशी असल्याची तक्रार करायच्या आणि आम्ही पोरी त्यांना हट्टी म्हणायचो. सिस्टर आल्या आणि त्यांनी ताट अर्धं फिरवलं. बाईंना वाटलं, नवं वाढलं. सगळं संपवलं. मग सिस्टरनी आम्हाला समजावलं. डोळे चांगले असतात, पण मेंदूच्या लेखी जगाला डावी बाजूच उरत नाही. तिकडे बघायचं असतं हेच माणसाला कळत नाही. केस विंचरतानाही तेच होतं.

आजोबा, तुम्ही दाराच्या बाजूला बसता. ती आजीची डावी बाजू आहे. आजी रुसलेली नाही. तुम्ही तिला दिसतच नाही.

खुर्ची आजच खिडकीकडे न्या. तिने चमचा ठेवला की ताट फिरवा. ताटाखालच्या फडक्याला डाव्या काठाने लाल पट्टी शिवा आणि ती लाल पट्टी सापडेपर्यंत नजर न्यायला तिला शिकवा. हळूहळू जमतं, कधी जमत नाही. ताटातलं अन्न मात्र तुम्ही खाऊ नका. हे लिहिताना मला कसं वाटलं ते मलाच माहीत.

तुमच्या पहिल्याच पत्रावरून माझ्या लक्षात यायला हवं होतं. आजीला सांगा, टिटवी आठवण काढते.

टिटवी


ता. ७ नोव्हेंबर

चि. टिटवीस अ. आ.

ताट फिरवलं. तिने खाली बघितलं आणि उरलेलं सगळं खाल्लं, भराभर, लहान पोरं खातात तसं. मी बघत उभा राहिलो. इतके दिवस तिच्या तोंडचा घास मी खाल्ला, आणि वर प्रेमाने खाल्ला.

मग तुझ्या आईच्या मदतीने शिलाईचं मशीन हलवलं आणि खुर्ची खिडकीपाशी ठेवली. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, इतके दिवस कुठे होतात? म्हणाली, आजूबाजूला आवाज यायचा, पण माणूस कधी दिसायचा नाही. आपलं तोंड वाकडं झालं म्हणून मला तिच्याकडे बघवत नसेल, असं ती धरून चालली होती. मी कुठे असतो, हे तुझ्या आईला तिने पूर्वीच विचारलं होतं. आईला वाटलं ती बरळते आहे, आणि मला वाईट वाटू नये म्हणून बिचारी गप्प राहिली.

मी इथेच होतो हे सांगून तिला पटत नाही. शेवटी कामासाठी परगावी गेलो होतो अशी थाप मारली. ती लगेच पटली. मग परगावी जाताना सांगता येत नव्हतं का, यावरून मला यथास्थित बोलणी बसली. किती दिवसांनी!

लाल पट्टी शिवली, पण तिची नजर तिथवर पोचत नाही. डॉक्टर म्हणाले, खाणं सुधारलं हे चांगलं झालं, पण जखम हाडापर्यंत गेली आहे.

आजोबा


ता. १९ नोव्हेंबर

ती. आजोबांस शि. सा. न.

आईचा निरोप मिळाला. ताप छातीत उतरला आणि दवाखान्यात नेऊन उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं कळलं. उद्या परीक्षेचा शेवटचा दिवस, तो झाला की तशीच निघते. हे पत्र आजच तिकडे निघालेल्या मैत्रिणीच्या हाती देते आहे, म्हणजे माझ्याआधी पोचेल.

तोवर एवढं करा. उशाची बाजू उंच ठेवा. जबरदस्तीने काही पाजू नका, ओल्या कापसाने ओठ आणि जीभ टिपत राहा. डावा हात लोंबकळू देऊ नका, पोटावर उशी ठेवून तिच्यावर ठेवा. तिच्या उजवीकडे बसा आणि बोलत राहा. उत्तर आलं नाही तरी तिला ऐकू येतं असं धरून चाला.

आणि आजोबा, त्या घासाचा दोष स्वतःवर घेऊ नका. आम्ही शिकणाऱ्या पोरींनाही तो समोर असून दिसला नाही.

टिटवी


ता. २ डिसेंबर

चि. टिटवीस अ. आ.

तू आलीस तोवर ती गेली होती. तू तिला आंघोळ घातलीस, दोन्हीकडचे केस विंचरलेस. माणसांच्या गर्दीत तुला एक सांगायचं राहिलं.

शेवटच्या दुपारी मी उजवीकडे बसून बोलत होतो. बोलायचं संपलं तेव्हा गिऱ्हाइकांची मापं सांगत बसलो. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मग चांगल्या हाताने चाचपडायला लागली. मी हात पुढे करणार, तोच तिच्या हाताला पोटावरच्या उशीवरचा तिचाच डावा हात लागला. तिने तो घट्ट धरला. नजर माझ्यावर, आणि मला म्हणाली, अहो, तुमचा हात किती गार पडलाय, काहीतरी अंगात घाला. आणि तो हात चोळत राहिली, ऊब यावी म्हणून.

मी चूक दुरुस्त केली नाही. घालतो म्हणालो. ती थांबेपर्यंत बघत राहिलो.

तुमच्या पुस्तकात यालाही काहीतरी नाव असेल. ते मला कळवू नकोस.

आजोबा