माझ्या श्वासाची टेकडी

४ मार्च
आज मला माझा श्वास दिसला!

भूल द्यायला शिकतेय, तिसराच आठवडा. सकाळी हेडबाईंनी — म्हणजे आमच्या मॅडमनी, हे नाव फक्त या वहीपुरतं — मशीनची बारीक नळी माझ्या तोंडाशी धरली. "फुंकर नको. नुसता श्वास सोड." स्क्रीनवरची सपाट रेष उचलली गेली, वर जरा चालली, खाली उतरली. टेकडी! बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड. जन्मापासून सोडतेय, आज पहिल्यांदा भेटला.

"पेशंटच्या घशातली नळी श्वासनलिकेत गेली, तर अशा टेकड्या येत राहतात. अन्ननलिकेत गेली, तर रेष सपाट. सपाट दिसली की नळी काढायची. वाद नाही. मी घातली असली तरी!"

५ मार्च
आईला फोनवर सांगितलं. म्हणे, "छाती हलते का बघावं. त्यात टीव्ही कशाला?" धन्य!

११ मार्च
बेकरीवाले काका, पित्ताशयाचं ऑपरेशन. मान आखूड, पोट मोठं, तोंड हसरं. "पोरी, उठवशील ना?" "उठवणार तर!" म्हटलं मी.

भूल चढली, औषधाने त्यांचा श्वास थांबला. आता तो आमच्या हातात. हेडबाईंनी नळी घातली. "गेली. डोळ्यांनी बघितलीय मी." छाती हलल्यासारखी वाटली. नळीत वाफ धरली. ऑक्सिजनचा आकडाही ठणठणीत — पण फुप्फुसांत ऑक्सिजन आधीच भरून ठेवलेला, आकडा उशिराच पडतो. आणि रेष सपाट!

"मशीन बिघडलंय," बाई म्हणाल्या. एवढा मुरलेला हात त्यांचा, मी कोण लागून गेले? मग काय सुचलं कोण जाणे — बारीक नळी सोडवली, माझ्या तोंडावरचा मास्क खाली ओढला, तिच्यात श्वास सोडला.

टेकडी. माझी. मशीन धडधाकट होतं!

हेडबाईंचा चेहरा पांढराफटक. नळी काढली, मास्कने ऑक्सिजन दिला, पुन्हा घातली. एक टेकडी आली. मग दुसरी. मग येतच राहिल्या. मला सगळ्यांदेखत रडू आलं. डोळ्यांना न दिसणारा एवढासा वायू, आणि माणूस राहणार की जाणार ते सांगतो! केवढं हे!

१२ मार्च
काका वॉर्डात चहासाठी भांडतायत. हेडबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. भरले माझे दिवस.

१७ मार्च
अबोला चालूच. समोरून आल्या, भिंतीकडे बघत गेल्या.

२० मार्च
हेडबाईंनी एकटीला बोलावलं. गळ्यावरची ओढणी बाजूला केली. लिंबाएवढी गाठ!

"सोमवारी काढतायत. भूल तू द्यायचीस."

"मॅडम, मोठे डॉक्टर आहेत की..."

"ते शेजारी उभे राहतील. नळी घातल्यावर रेष सपाट आली, तर ते माझा मान ठेवतील, स्वतःचाही ठेवतील. तू कुणाचाच ठेवत नाहीस."

हसल्या का? बहुतेक.

२४ मार्च
नळी घातली. गेली होती, डोळ्यांनी बघितली होती मी! रेष सपाट.

काढली. वाद नाही.

पुन्हा घातली. आणि हेडबाई आल्या — टेकडीमागून टेकडी.