शब्दांच्या शेपट्या

२ मार्च, सकाळी ७
मादाम ओब्री, आमच्या ऑर्केस्ट्राच्या कंडक्टर, त्यांचा फोन. सोलो गायक वासेल जिन्यावरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. चौदा तारखेला ‘दीपगृहवाल्याची पाच गाणी’ मी गायची! पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि एकटा मी. कोरसच्या तिसऱ्या रांगेत बावीस वर्षं काढली, ती फुकट गेली नाहीत. वासेलबद्दल वाईट वाटलं. बायकोला, ओदीलला, उठवून सांगितलं. म्हणाली, छान, आता झोपू दे.
संकल्प: वाइन बंद. चीज बंद.

३ मार्च
थोडं चीज घेतलं. घशाला स्निग्धता लागते.

४ मार्च
अडचण एकच. मी दक्षिण फ्रान्सातला, बेझिएचा. शब्दाच्या शेवटचं मुकं अक्षर इथे उत्तरेत, रुआँत गिळतात, आम्ही खणखणीत म्हणतो. बेकरीतली बाई मुद्दाम विचारते, काय हवं म्हणालात? मी पुन्हा त्या लांब पावाचं नाव, ‘बॅगेतऽ’, म्हणतो, रांग हसते. सोलो गायकाला हे शोभत नाही. उद्यापासून सगळ्या शेपट्या छाटायच्या. बोलताना, गाताना, स्वप्नातसुद्धा.

७ मार्च
पुलावर अकरा फेऱ्या, फेरीला शंभर शब्द. एका जागी बसवत नाही. जेवलोही उभ्याने. ओदील म्हणते, तू बोलतोयस की शिंकतोयस तेच कळत नाही. म्हणजे प्रगती आहे.

१० मार्च
पियानोबरोबर तालीम. पियानोवाला गेगाँ म्हणाला, अहो बास्तीद, बोलताना गिळा हवं तर, पण गाण्यात त्या अक्षरांना संगीतकाराने सूर दिलेत, बावीस वर्षं कोरसमध्ये काय गात होतात? मी शांतपणे सांगितलं, कोरस वेगळा, सोलो वेगळा. जळतोय.

१३ मार्च, दुपारी ३
ऑर्केस्ट्राबरोबर तालीम. पाचही गाण्यांत मी आधी पोचलो, ते मागून आले. फार संथ वाजवतात. मादाम ओब्रींनी विचारलं, गाडी चुकतेय का तुमची? मग म्हणाल्या, त्या शेपट्या परत लावा बघू. लावायला गेलो. तोंड उघडलं, काहीच आलं नाही. दहा मिनिटं सगळे थांबले. व्हायोलिनवाल्या बायका कौतुकाने बघत होत्या. ताण आहे, उद्या येतील.

संध्याकाळी ६
मादाम ओब्रींचा फोन. वासेल खुर्चीत बसून गाणार आहे.

१४ मार्च
एकोणिसाव्या रांगेत बसलो. शेवटच्या गाण्यात वासेलने एक मुकं अक्षर इतका वेळ धरून ठेवलं की ओदील रडली. मीही रडलो. ते मला गायचं होतं.
तसा आवाज साधारणच त्याचा.

१५ मार्च
आईला फोन केला. तिने अख्ख्या बेझिएला सांगून ठेवलं होतं, मुलगा सोलो गाणार म्हणून. काय सांगायचं ते ठरवून, जपून दोन वाक्यं बोललो. ती म्हणाली, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही साहेब, तुम्हा पॅरिसवाल्यांना जेवणाचीच वेळ बरी सापडते. मी म्हणालो, आई, मी आहे. ती म्हणाली, लाज नाही वाटत म्हाताऱ्या बाईला फसवायला, माझा मुलगा असा बोलत नाही. आणि तिने फोन ठेवला.