घाट चढण्यासाठी बसवलेल्या गोष्टी

प्रिय अण्णा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी दुपारी विनायक तुमची गाडी घेऊन येडशीचा घाट उतरत होता. गाडी न्यूट्रलमध्ये होती.

२. ब्रेक तापले. पेडल दाबलं तरी गाडी थांबेना.

३. गाडी कठड्याला घासत घासत थांबली. विनायकला खरचटलंसुद्धा नाही. डावा आरसा गेला, डावे दोन्ही दरवाजे चेपले.

४. मी पुण्याहून मुरुमला आले आणि गाडी तपासली. तुम्ही बसवलेलं सगळं काढावं लागेल, असं घरात सांगितलं.

५. आई म्हणाली, "गाडीनं पोराला वाचिवलं. तिचा एक नट ढिला करायचा न्हाय. करायचाच असंल तर त्यांना इचार."

म्हणून विचारते आहे. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हे माझं काम नव्हे. पण या घरात जिवंत माणसाचं ऐकतं कोण?

अण्णा, साधी घरातली गाडी होती हो ती! दुकानातून घरी, घरातून तुळजापूरला. तिच्याकडून तुम्हाला नेमकं काय हवं होतं?

मला माहीत आहे काय झालं ते. आपण सगळे मामासोबत घाट चढत होतो. गाडीत सहा माणसं, डिकीत तुमच्या दुकानाचे कापडाचे तागे. गाडी दमली, आणि मागून मामा बोलला, "दाजी, एसी बंद करा. न्हाय चढली तर आमी उतरून ढकलताव!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही गाडी रशीदभाईंच्या गॅरेजला नेलीत.

मी रोज इंजिनांची चाचणी घेते, अण्णा. तेच माझं काम आहे. मला एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं, डिकीतले तागे उतरवा, टायरमध्ये हवा नीट भरा, प्लग बदला. घाट चढला असता. पण तुम्ही विनायकला काय सांगितलंत? "ताईला बोलू नको, ती नापास करंल." हे मला परवा कळलं. नापास केलंच असतं!

बॉनेट उघडल्यावर मला काय काय दिसलं ते ऐका. मूळ फिल्टरचा डबा काढून तुम्ही उघडा फिल्टर बसवलात. त्याने फार तर दोन-तीन हॉर्सपॉवर वाढते, आणि तीही तो स्वच्छ असेल तर. हा तर पिवळाधमक! दसऱ्याला आई बॉनेट उघडून इंजिनाची पूजा करते, हळद-कुंकू मूठभर वाहते. पूर्वी ते डब्यावर पडायचं. आता इंजिनाने ओढून घेतलं. गाडी आणखी मंदावली. मग तुम्ही ती ताकद वाढवते म्हणून विकतात ती चिप मागवलीत. मी ती उघडून पाहिली. आत एक दिवा आहे. तो लुकलुकतो. बाकी काही नाही.

मग रुंद सायलेन्सर. आवाज वाढला, चढावरची ओढ कमी झाली, मायलेज घसरलं. आणि मायलेज घसरलं म्हणून तुम्ही विनायकला शिकवलंत, "उताराला न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतंय." चढायला ताकद हवी म्हणून एवढा खटाटोप, आणि उतरताना इंजिन गाडीला आवरून धरतं तेवढंही त्याला करू द्यायचं नाही? सगळा भार ब्रेकवर टाकायचा? मला या गोष्टीचा जितका राग आला तितका त्या चिपचाही आला नाही.

पण खरी अडचण टायरची आहे. गाडी दमदार दिसावी म्हणून बसवलेले ते रुंद टायर पूर्ण वळणावर ब्रेकच्या रबरी नळीला घासतात. उजवीकडची नळी निम्मी झिजली होती. नळी तुम्ही बसवलेली नव्हे म्हणून ती आईने बदलू दिली, पण टायर तेच राहिले तर नवीही घासेल. एक दिवस ती फुटेल. तेव्हा वेग किती आहे आणि कठडा आहे की नाही, ते कुणाच्या हातात नसतं.

हे मी आईला जुनी नळी हातात देऊन दाखवलं. ती म्हणाली, "त्यांनी हातानं बसिवल्यात गं." विनायक म्हणतो, "ताई, टर्बो बसवू का?"

फिल्टर धुवायला मात्र आईने परवानगी दिली. का धुते आहे ते मी तिला सांगितलं नाही. धुतल्यावर गावाबाहेर एक फेरी मारली. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी सुटली की मला हसू आलं. एकटीच होते. तुम्ही असतात तर तिथूनच मामाला फोन लावला असतात.

आता मुद्दा. विनायक वाचला म्हणून आईने सोनारीच्या भैरोबाला नवस बोलला आहे, आणि तो याच गाडीने फेडायचा आहे. सोमवारी निघायचं, विनायक चालवणार, वाटेत तोच घाट. माझ्याकडे रविवारची दुपार आहे, मूळ चाकं रशीदभाईंच्या माळ्यावर आहेत.

आईने आज सकाळी तुमच्या फोटोला कौल लावलाय. दोन बाजूंना दोन ओली फुलं. उजवं पडलं तर टायर काढायचे, डावं पडलं तर हात लावायचा नाही. वारा लागून चूक होऊ नये म्हणून खोलीतला पंखासुद्धा बंद ठेवलाय. इतक्या काटेकोरपणे आमच्याकडे कुणी चाचणी घेत नाही.

मी एवढं कबूल करते, की तुम्ही बसवलेलं काहीही भंगारात जाणार नाही. आणि विनायकला घाट कसा उतरायचा, गिअर घालून, ते मी शेजारी बसून शिकवेन. सोमवारी मीही सोबत जाते आहे.

तुमचं उत्तर रविवारी दुपारी बारापर्यंत कळवावं. उजवं फूल. तोवर कुठलंच फूल पडलं नाही, तर तुमची हरकत नाही असं मी धरेन.

तुमची,
मेघा